हवा बदलली? मग हिशेबही बदला!

मंडळी, हेल्मेट चढवा, चोक ओढा... अरे हो, चोक आता राहिलाय कुठे! बरं, मग स्टार्टर दाबा आणि चला.

माहीत आहे का? एक लिटर पेट्रोल नीट जाळायला इंजिनला जवळजवळ ९,००० लिटर हवा लागते. नऊ हजार! पंपावर आपण रांग लावतो ती एका लिटरसाठी. उरलेला नऊ हजार लिटरचा माल रस्त्यावर फुकट मिळतो, म्हणून त्याचं कुणाला काही वाटत नाही. वाटायला लागतं ते नवा सायलेन्सर आणि नवा एअर फिल्टर बसवल्यावर.

कारण गणित असं आहे: वजनानं १ भाग पेट्रोल, तर १४.७ भाग हवा. इतक्या हवेत सगळं पेट्रोल जळतं आणि सगळा ऑक्सिजनही संपतो. कुणाचीच उधारी उरत नाही. या आकड्याला ट्यूनर मंडळी लॅम्डा १ म्हणतात. हवा जास्त झाली की गाडी ‘लीन’, पेट्रोल जास्त झालं की ‘रिच’. रिच गाडीचा मालक मात्र महिनाअखेरीस हमखास गरीब होतो.

आता भर रस्त्यात एक छोटंसं कोडं. ३५० सीसीचं एक सिलिंडर आहे. एका दमात ते पूर्ण भरलं, तर त्या हवेला पेट्रोल किती लागेल? चमचाभर? अर्धा चमचा?

एक थेंबही नाही! जेमतेम ०.०४ मिलिलिटर. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणारा थेंबसुद्धा याहून मोठा असतो, साधारण ०.०५ मिलिलिटरचा.

आणि नव्या सायलेन्सर-फिल्टरमुळे हवा समजा ५ टक्के वाढली, तर पेट्रोल किती वाढवायचं? एका थेंबाचा साधारण पंचविसावा भाग. बस्स. लॅपटॉप, ताकद मोजणारा डायनो, सेन्सर, हजारोंची बिलं आणि कट्ट्यावरची भांडणं, सगळं काही या एका पंचविसाव्या भागासाठी!

बरं, हे काम आरामात करायचं असंही नाही. फोर-स्ट्रोक इंजिन ६,००० आरपीएमवर फिरत असेल, तर इंजेक्टरला एका सेकंदात ५० वेळा फवारा मारायचा असतो. तुमची पापणी एकदा लवेपर्यंत पाच-सहा फवारे मारून झालेले असतात.

नकाशा आहे, पण गुगलवर सापडणार नाही

या फवाऱ्यांचा हिशेब ज्या तक्त्यात असतो, तोच फ्युएल मॅप. उभ्या रांगेत आरपीएम, आडव्या रांगेत थ्रॉटल किती टक्के उघडलंय ते, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. डायनोजेट कंपनीच्या पॉवर कमांडर नावाच्या प्रसिद्ध डब्यात थ्रॉटलचे दहा कप्पे असतात आणि दर २५० आरपीएमला एक ओळ. १०,००० आरपीएमपर्यंत जा, ४०० चौकटी झाल्या! मनगट फिरवत तुम्ही कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत जाता, तेवढ्यात गाडी यातल्या कितीतरी चौकटींतून हुंदडून आलेली असते.

कंपनीनं हे आकडे भरलेले असतात ते कंपनीच्याच सायलेन्सरसाठी आणि कंपनीच्याच फिल्टरसाठी. तुम्ही दोन्ही बदलले, पण तक्ता तोच. बऱ्याच गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, प्रत्यक्ष हवा मोजतच नाही. थ्रॉटल इतकं उघडलंय, इंजिन इतक्या वेगानं फिरतंय, म्हणजे हवा अमुक इतकी असणार, असा त्याचा ठाम समज. पाहुणे वाढले तरी आमटी तेवढीच, असा मामला!

‘अहो पण फ्युएल इंजेक्शन आहे, ते आपोआप शिकतं ना?’ हा प्रश्न विचारणारा एक तरी मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि घोळ होतो तो उरलेल्या अर्ध्यात.

सायलेन्सरच्या बेंड पाइपवर एक ऑक्सिजन सेन्सर असतो. जळून बाहेर पडलेल्या वायूचा वास घेऊन तो ईसीयूला सांगतो, ‘रिच’ किंवा ‘लीन’. हो किंवा नाही, एवढीच त्याची भाषा. विजेत सांगायचं तर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट, आणि १४.७ च्या आसपास एकदम उडी. किती रिच, किती लीन, ते विचारू नका. पठ्ठ्या थंड असताना बोलतही नाही, ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापला की मगच तोंड उघडतो.

एका लयीत, हलक्या हातानं गाडी चालवताना ईसीयू याचं ऐकतो आणि पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. पण थ्रॉटल पूर्ण पिळलं की ईसीयू त्याच्याकडे लक्ष देणं थांबवतो आणि सरळ तक्त्यातला आकडा उचलतो. म्हणजे नव्या सायलेन्सरची खरी मजा जिथे घ्यायची, नेमकं तिथेच शिकणं बंद! म्हणून मॅपिंग, म्हणजे तक्त्यातले आकडे नव्यानं भरणं, लागतं. ट्यूनर मग वेगळा, वाइडबँड सेन्सर लावतो. हा मात्र १२.९ की १३.४ तेही सांगतो. फुल थ्रॉटलला जास्तीत जास्त ताकद साधारण १३ च्या आसपास मिळते. १४.७ हा स्वच्छ धुराचा आकडा, पळायचा आकडा वेगळा.

आणि गॅरेजमधली ही एक गंमत ऐकाच. बेंड पाइपचं गॅस्केट नीट बसलं नाही आणि सेन्सरच्या आधी बारीकशी गळती राहिली, तर बाहेरची हवा आत शिरते. सेन्सरला वाटतं गाडी लीन आहे. ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवतो. गाडी प्रत्यक्षात रिच होते, ॲव्हरेज पडतं, आणि मालक मॅपिंगवाल्याला शिव्या देतो. दोष कुणाचा? एका लहानशा रिंगचा! म्हणून शहाणा ट्यूनर लॅपटॉप उघडण्याआधी पाना हातात घेतो: गळती, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, प्लग, चेन. बॅटरीसुद्धा! व्होल्टेज उतरलं की इंजेक्टर उघडायला अंमळ उशीर करतो, आणि तो अंमळ उशीर म्हणजे आपला तोच पंचविसावा भाग.

फट्, फट्, फटाक!

थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके वाजतात, आणि मागे बसलेल्याला वाटतं, वा, काय रेसिंग गाडी आहे! माहीत आहे का, तो आवाज बहुतेक वेळा सुखाचा नसतो? न जळलेलं पेट्रोल गरम पाइपात पोचतं, तिथे कुठून तरी ताजी हवा मिळते, आणि बार उडतो. काही गाड्यांमध्ये धूर स्वच्छ करण्यासाठी कंपनीच मुद्दाम एक्झॉस्टमध्ये हवा सोडते, तिथे तर दिवाळी बारमाही.

‘बॅकप्रेशर हवंच’ ही आणखी एक कट्टा-स्पेशल श्रद्धा. इंजिनाला कोंडमारा आवडत नाही हो, कुणालाच आवडत नाही! इंजिनाला हव्या असतात वेळेवर येणाऱ्या लाटा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपातून सुसाट सुटते. साध्या हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर धावतो, ६०० अंश तापलेल्या वायूत तो ५९० च्या आसपास पोचतो. पाइपाच्या मोकळ्या टोकाला आपटून ही लाट उलटी फिरते, आणि येताना ओढ घेऊन येते. ती ओढ नेमक्या क्षणी व्हॉल्व्हपाशी पोचली, तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर बाहेर खेचला जातो आणि ताजी हवा आत येते. चुकीच्या क्षणी पोचली, तर तीच लाट खेळ बिघडवते. पाइपाची लांबी बदलली की वेळापत्रक बदललं! म्हणूनच ढमाढम वाजणारा मोकळा पाइप लावलेली गाडी वरच्या आरपीएमला जोरात पळते, पण सिग्नलवरून निघताना खेचत नाही.

लाटांचा विषय निघालाय, तर एक अस्सल थ्रिलर ऐका. स्थळ पूर्व जर्मनी, कंपनी एमझेड, इंजिनिअर वाल्टर काडेन. दुसऱ्या महायुद्धात पेनेम्युंडेच्या क्षेपणास्त्र प्रकल्पात काम केलेला माणूस. टू-स्ट्रोकच्या एक्झॉस्टमधल्या लाटा कह्यात आणून त्यानं छोट्याशा १२५ सीसी इंजिनातून अचाट ताकद काढली. त्याचा रायडर होता अर्न्स्ट डेग्नर. १९६१ मध्ये स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाडच्या शर्यतीनंतर डेग्नर परत गेलाच नाही, पश्चिमेकडे सटकला! बायको-मुलं गाडीच्या डिकीत लपून सीमेपार आली. आणि डेग्नरच्या डोक्यातलं एक्झॉस्टचं ज्ञान कुठे गेलं? थेट जपानला, सुझुकीकडे. १९६२ मध्ये सुझुकी ५० सीसीची वर्ल्ड चॅम्पियन, रायडर डेग्नर! जपानच्या सुझुका ट्रॅकवर आजही त्याच्या नावाचं वळण आहे. सायलेन्सरपायी देश सोडणारे सगळेच नसतात, आपल्याकडे लोक फार तर घरात भांडण काढतात.

तोंडाकडूनही थोडं

एक्झॉस्ट झाला इंजिनाचा शेवट. आता नाक-तोंड, म्हणजे इनटेक.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून ‘भुंऽऽ’ आवाज काढलाय कधी? तुमच्या गाडीचा एअरबॉक्स त्याच तत्त्वावर बांधलेला असतो. एकोणिसाव्या शतकातले जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्त्झ यांच्या नावानं ते ओळखलं जातं. ठरावीक आरपीएमला बॉक्समधली हवा अशी झुलते की सिलिंडरला जादा घोट मिळतो. मग कुणीतरी ड्रिल घेऊन त्या बॉक्सला भोकं पाडतो, ‘हवा खेळती राहावी’ म्हणून. हवा खेळते, पण झुलायची थांबते.

दुसरा उद्योग म्हणजे बॉक्सच काढून टाकायचा आणि चकचकीत कोन फिल्टर उघड्यावर लावायचा. दिसतो झकास. पण तो बसतो कुठे? तापलेल्या इंजिनाच्या शेजारी! हवा १० अंशांनी तापली की साधारण ३ टक्के विरळ होते. फिल्टरनं दिलेलं सगळं उष्णतेनं काढून घेतलं. हिशेब शून्य, आवाज मात्र जोरात.

माहीत आहे का, के अँड एन या फिल्टर कंपनीच्या नावात कोण आहेत? केन आणि नॉर्म. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात दोन मित्रांनी आद्याक्षरं जोडली आणि पाटी लावली. आपल्याकडे ‘सुनील-अनिल ऑटो’ असतं ना, तसंच. इटलीच्या बिमोटाचंही तेच: बिआंकी, मोरी, तांबुरिनी. बिमोटा हे नाव लक्षात ठेवा, पुढे रडवणार आहे. आणि स्लोव्हेनियाची जगप्रसिद्ध सायलेन्सरवाली आक्रापोविच? माजी रेसर इगोर आक्रापोविच यांनी १९९१ मध्ये ती काढली तेव्हा नाव होतं स्कॉर्पिऑन. आज गल्लीतल्या दुकानातही त्यांच्या नावाचे स्टिकर मिळतात, सायलेन्सर नसलेल्या गाडीवर लावायला.

‘रॅम एअर’ म्हणून पुढून हवेची तोंडं काढलेल्या सुपरबाइक पाहिल्या असतील. ३०० च्या स्पीडला त्यातून हवेचा दाब वातावरणाच्या सुमारे ४ टक्के वाढतो, मानलं! पण १०० च्या स्पीडला? अर्धा टक्कासुद्धा नाही. तेव्हा १५० सीसीच्या गाडीला प्लॅस्टिकची नाकपुडी चिकटवणाऱ्यांना आमचा साष्टांग नमस्कार.

जेट, जेट, पुन्हा जेट

मॅपिंगच्या आधी होतं जेटिंग. कार्ब्युरेटरमध्ये पितळेची एवढीशी जेट असते, तिच्या मधोमध केसाएवढं भोक. सायलेन्सर बदलला की मिस्त्री मोठ्या नंबरची जेट टाकायचा, सुईची क्लिप एक खाच खाली, एअर स्क्रू दीड फेरा बाहेर, की चक्कर मारायची आणि प्लग काढून बघायचा. काळा निघाला तर रिच, पांढराफटक निघाला तर लीन, बिस्किटी तपकिरी निघाला तर चहा मागवायचा. आरएक्स १०० वाल्या पिढीनं या कलेवर तारुण्य खर्च केलंय.

आता जरा ब्रेक लावा, कारण या लेखातली आमची सर्वांत लाडकी व्यक्ती येते आहे. बिअट्रिस शिलिंग! इंग्लंडच्या इंजिनिअर. १९३० च्या दशकात ब्रूकलँड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन मोटरसायकल ताशी १०० मैलांच्या वर पळवून त्यांनी गोल्ड स्टार मिळवला होता. मग महायुद्ध आलं. ब्रिटिश स्पिटफायर विमानानं नाक खाली करून सूर मारला की इंजिन बंद पडायला बघायचं, कारण कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल भलतीकडे उसळायचं. जर्मन मेसरश्मिट मात्र फ्युएल इंजेक्शनवर, तो खुशाल सूर मारून पसार! १९४१ मध्ये शिलिंगबाईंनी उपाय काढला: मधोमध भोक असलेली एक छोटीशी पितळी चकती, पेट्रोलचा लोट अडवणारी. एवढ्या मोठ्या विमानाला वाचवलं चकतीनं! आणि हो, लग्नाची अट काय घातली म्हणे? नवऱ्या मुलानंही आधी ब्रूकलँड्सचा गोल्ड स्टार आणावा. कांदेपोहे राहिले बाजूला.

फ्युएल इंजेक्शन मोटरसायकलवर आलं ते १९८० च्या सुमारास. कावासाकीनं तेव्हा आपल्या चार सिलिंडरच्या झेड१००० च्या एका मॉडेलवर ते बसवलं. भारतात २००६ मध्ये हीरो होंडाची ग्लॅमर एफआय आली. आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं, तेव्हा कार्ब्युरेटरनं जवळपास सगळ्याच नव्या गाड्यांमधून गाशा गुंडाळला.

पण मधल्या काळातली पुण्याची गंमत! आकुर्डीच्या बजाजनं २००७ मध्ये पल्सर २२० काढली, फ्युएल इंजेक्शनवाली, २० पीएसची. दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, तीच गाडी आली कार्ब्युरेटर घेऊन. उलटी गंगा! ताकद मात्र वाढलेली, २१ पीएस, किंमत कमी, आणि जाहिरात काय? ‘द फास्टेस्ट इंडियन’! तंत्रज्ञान जुनं की नवं यापेक्षा ते ट्यून कसं केलंय याला महत्त्व आहे, हे सांगायला याहून चांगला पुरावा आम्हाला तरी सापडला नाही.

(फास्ट इंडियनवरून आठवलं: न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो आजोबांनी १९२० ची इंडियन स्काउट घरच्या शेडमध्ये घासूनपुसून १९६७ मध्ये ताशी १८४ मैलांवर नेली, अमेरिकेतल्या बोनव्हिलच्या मिठागरावर. आजोबा पिस्टनसुद्धा स्वतःच ओतायचे. वय वर्षं ६८. ‘आता काय गाडी शिकायची या वयात’ म्हणणाऱ्या काकांना ही ओळ दाखवा.)

आणि चुकलेल्या इंजेक्शनची किंमत काय? विचारा बिमोटाला. आयुष्यभर दुसऱ्यांची इंजिनं वापरणाऱ्या या कंपनीनं १९९७ मध्ये पहिल्यांदा स्वतःचं इंजिन काढलं, ५०० सीसी टू-स्ट्रोक, सिलिंडरमध्येच थेट पेट्रोल फवारणारं. व्ही ड्यूए त्याचं नाव. कागदावर स्वप्न, रस्त्यावर गचके. पेट्रोलचा हिशेब काही केल्या जुळेना. गाड्या परत मागवाव्या लागल्या, आणि काही वर्षांत कंपनीचं दिवाळं. पुढे त्याच गाड्या चालू झाल्या कशा? कार्ब्युरेटर लावून!

घोडा किती घोड्यांचा?

मॅपिंग झालं की हातात एक कागद मिळतो, डायनोचा. गाडीचं मागचं चाक रोलरवर, समोर भलामोठा पंखा, आणि स्क्रीनवर चढती रेघ. ही रेघ इन्स्टावर टाकण्याआधी चार चावट गोष्टी.

एक अस्सल घोडा एका हॉर्सपॉवरचा नसतो! १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या हिशेबानुसार थोडा वेळ जोर लावला तर घोडा सुमारे १५ हॉर्सपॉवर काढतो. तुमची १२५ सीसी गाडी त्यापुढे दमेल.

ब्रोशरमध्ये एचपीऐवजी पीएस का लिहितात? पीएस अंमळ लहान असतो, ७३५.५ वॉट, तर एचपी ७४५.७ वॉट. १०० एचपी म्हणजे १०१.४ पीएस. पाना न लावता दीड टक्का पॉवर वाढली की नाही!

तिसरी ट्रिक याहून भारी. डायनोच्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘एसएई’ किंवा ‘एसटीडी’ लिहिलेलं असतं. हवामानाचा फरक काढून टाकण्याच्या या दोन पद्धती. एकाच गाडीचा, एकाच रनचा आकडा एसटीडीत साधारण ४ टक्के जास्त दिसतो. आधीचा कागद एसएईचा आणि नंतरचा एसटीडीचा असेल, तर अभिनंदन, तुम्ही मॅपिंगचे पैसे देऊन प्रिंटरची सेटिंग विकत घेतलीत.

आणि हवामानाचा फरक असा तसा नसतो बरं. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, म्हणजे मुंबईपेक्षा हवेचा दाब साधारण ६ टक्के कमी. महाबळेश्वरला पोचलात की १५ टक्के. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हातली हवा १५ अंशांच्या थंडीतल्या हवेपेक्षा ९ टक्के विरळ. लडाखमधल्या १९,०२४ फुटांवरच्या उमलिंग ला खिंडीत, जिच्या रस्त्याला २०२१ मध्ये गिनीजनं मान्यता दिली, तिथे दाब समुद्रकिनाऱ्याच्या जवळपास निम्मा. गाडी निम्मी, रायडर निम्मा! इंजेक्शनच्या गाडीचा प्रेशर सेन्सर पेट्रोलही आपोआप कमी करतो, म्हणून ती निदान चालते. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या मात्र घाटात रिच होऊन भपारे सोडायच्या.

टाकीत ऊस!

माहीत आहे का, मॅप न बदलताही तुमचं मिश्रण बदललंय? गुन्हेगार आपल्या शेतातला ऊस, म्हणजे त्यापासून बनून पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं इथेनॉल. इथेनॉलच्या रेणूत वजनानं सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन आधीच भरलेला असतो, त्यामुळे त्याला बाहेरची हवा कमी लागते: शुद्ध इथेनॉलचं प्रमाण १:९. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं (ई-२०) की १४.७ चा आकडा उतरतो साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन हवं. जुन्या गाडीत, जुन्या मॅपवर, मोकळा सायलेन्सर आणि मोकळा फिल्टर, वर ई-२०: लीनवर लीन, त्यावर आणखी लीन. तेव्हा मॅप करून घेताना टाकीत रोजच्या पंपाचंच पेट्रोल असू द्या. डायनोवर महागडं स्पेशल पेट्रोल भरायचं आणि नंतर साधं, हे म्हणजे स्वतःलाच गंडवणं.

इथेनॉलनं तर इतिहासही घडवलाय. २००९ मध्ये ब्राझीलमध्ये होंडानं जगातली पहिली फ्लेक्स-फ्युएल मोटरसायकल विकायला काढली. आणि २०१९ मध्ये टीव्हीएसनं इथेनॉलवर चालणारी अपाचे २०० आणली, ती ज्या तीन राज्यांत आधी मिळणार होती त्यांत एक महाराष्ट्र. कारखानदारांनी हॉर्न वाजवला असेल.

मॅपिंग ८!

आता क्लायमॅक्स. २९ ऑक्टोबर २०१७, मलेशियातलं सेपांग, मोटोजीपीची शर्यत. पावसात डुकाटीचा होर्हे लोरेंझो पुढे, मागे त्याचाच टीममेट आंद्रेआ डोविझिओसो, ज्याला चॅम्पियनशिपसाठी पॉइंट हवेत. अचानक लोरेंझोच्या डॅशबोर्डवर मेसेज झळकतो: सुचवलेलं मॅपिंग, मॅपिंग ८!

जगभरचे प्रेक्षक बुचकळ्यात. इंजिनाचं मॅपिंग बदला म्हणतायत? की आडून सांगतायत, ‘बाबा रे, त्याला पुढे जाऊ दे’? थोड्याच वेळात लोरेंझो एका वळणावर डगमगला, डोविझिओसो पुढे गेला आणि जिंकला. पुढच्या, वालेन्सियाच्या शर्यतीत पुन्हा तोच मेसेज. या वेळी लोरेंझोनं दुर्लक्ष केलं. शेवटी दोघेही पडले, आणि चॅम्पियन झाला होंडाचा मार्क मार्केझ. फ्युएल मॅपवरून इतकं राजकारण दुसरीकडे कुठे झालं असेल असं वाटत नाही!

मामा आले, मामा आले!

आवाजावर प्रेम करावं तर हार्लेसारखं. १९९४ मध्ये हार्ले-डेव्हिडसननं आपल्या इंजिनाच्या आवाजाचाच ट्रेडमार्क मागितला होता! भांडण लांबलं, आणि २००० मध्ये अर्ज मागे घेतला गेला. त्याच कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याशी समझोता करावा लागला, १ कोटी २० लाख डॉलर दंडाचा. कारण? इंजिनाचं मॅपिंग बदलणारे सुमारे ३,४०,००० ट्यूनर डबे विकले, आणि ते लावलेल्या गाड्या मर्यादेबाहेर धूर सोडतात, असा खात्याचा दावा. छोट्या गॅरेजवाल्याचं सोडा, दस्तुरखुद्द कंपनीलाच पावती!

आपल्याकडचे दर बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल नको. कलम १८२अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सायलेन्सर वेगळा मोजला जाईल, हे लक्षात घ्या! आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९०(२): १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ३ महिने लायसन्सही गुल. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर ओळीनं मांडून त्यांवर रोडरोलर फिरवलाय. मॅपिंग कितीही अचूक असो, रोलरखाली सगळे सपाट.

बीएस-६ गाडीच्या बेंड पाइपात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा. म्हणजे तुम्ही पायाशी दागिना घेऊन फिरताय. ‘फुल सिस्टीम’, म्हणजे बेंड पाइपासकट सगळा एक्झॉस्ट, लावताना पहिल्यांदा जातो तो हाच. रस्त्यावर चालवायच्या गाडीत आमचा सरळ सल्ला: कॅट हलवू नका. ट्रॅकसाठी वेगळी गाडी असेल तर मग खुशाल लाटांशी खेळा.

आता खिशाची गोष्ट. नुसता मागचा डबा बदलून ताकदीत फार मोठा फरक पडत नाही. खरा फायदा वजनात असतो, विशेषतः डबा टायटॅनियमचा असेल तर, कारण टायटॅनियमची घनता स्टीलच्या निम्म्याहून थोडीच जास्त. फिल्टर, बेंड पाइप आणि डबा असं तिन्ही बदललं तर मात्र मॅपिंग ऐच्छिक राहत नाही, तो त्याच बिलाचा भाग धरा. पैसे कमी असतील तर सायलेन्सर स्वस्तातला घ्या, पण डायनोवर कात्री लावू नका. हवं तर बंगळुरूत बनणाऱ्या पॉवरट्रॉनिकसारखा इंजेक्टरच्या वायरीत मध्ये बसणारा डबा लावा, किंवा ईसीयूच पुन्हा लिहून घ्या. इंटरनेटवरून उतरवलेला ‘सेम टू सेम’ मॅप मात्र दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा आहे, घालू नका.

मॅपिंग नेहमी सगळ्यात शेवटी करा, सगळे पार्ट बसल्यावर. ट्यूनरकडून आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागा, दोन्ही एसएईत, आणि त्यावर हवा-पेट्रोलच्या प्रमाणाची रेघ असलीच पाहिजे. नुसती पॉवरची रेघ देत असेल तर दुसरं दुकान शोधा. विमा कंपनीला बदल कळवा. आणि कंपनीचा मूळ सायलेन्सर, कितीही कुरूप दिसला तरी, भंगारवाल्याला देऊ नका. पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा.